ठेंगणी की राखाडी

राखाडी गाडी गॅरेजच्या दारात येऊन थांबली तेव्हा नळीवाल्या मिस्त्रींचं डोकं एका बॉनेटखाली होतं, आणि गाडी आल्याचं त्यांना कळलंच नाही. त्यांची मुलगी मात्र फडक्याला हात पुसत केव्हाच बाहेर गेली होती. मिस्त्रींनी मान वर काढली तर दारात हे चकचकीत धूड उभं. त्यांना पहिला राग आला तो याचाच. एवढी गाडी दारात येते आणि आवाज नाही? माणूस दुसऱ्याच्या घरात शिरताना निदान खाकरतो तरी.

दुसरा राग आला तो आतून कोण उतरलं ते पाहून. स्टिअरिंगच्या बाजूनं वकीलबाई उतरल्या. म्हणजे ठेंगणीच्या मालकीणबाई. ठेंगणी ही त्यांची जुनी, दोन माणसांची, उघड्या टपाची, लिंबाच्या रंगाची स्पोर्ट्स कार. तिचं कंपनीनं ठेवलेलं नाव मागच्या बाजूला पितळी अक्षरांत होतं, पण ती इतकी बुटकी की शेजारी उभ्या माणसाला तिच्या काचेवर कोपर टेकायला वाकावं लागे, म्हणून गॅरेजात ती कायमची ठेंगणी झाली. एकतीस वर्षं त्या गाडीला मिस्त्रींखेरीज कुणाचा पाना लागला नव्हता. आणि आज त्याच बाई एका परक्या गाडीतून, शेजारी टाय लावलेला एक परका माणूस घेऊन, हसत उतरत होत्या.

"मिस्त्री, घाबरू नका, अजून घेतली नाहीये," बाई म्हणाल्या. "शोरूमवाल्यांनी चालवून बघायला दिलीय."

"मी कशाला घाबरू?" मिस्त्री म्हणाले.

बाईंनी सगळं उभ्याउभ्याच सांगितलं. त्या राहत होत्या त्या इमारतीत आता प्रत्येक घराला गाडी लावायला एकच जागा मिळणार होती. रोजची साधी गाडी आणि ठेंगणी अशा दोन ठेवणं बंद. एकच ठेवायची तर ती रोज कोर्टात नेता आली पाहिजे आणि सुट्टीच्या दिवशी पळवताही आली पाहिजे. राखाडी दोन्ही कामं करत होती, आणि ठेंगणीपेक्षा कितीतरी जोरात पळत होती. शोरूमवाले बदल्यात ठेंगणी घ्यायला तयार होते, त्यांना ती काचेमागं शोभेला ठेवायची होती. तरी बाईंचं मन होत नव्हतं. रविवारी सकाळी त्या दोन्ही गाड्या पाण्याच्या टाकीच्या चढावर, एकीमागून एक, चालवून बघणार होत्या आणि मग काय ते ठरवणार होत्या. तोवर ठेंगणी तयार करून द्यायची होती.

"शोभेला," मिस्त्री म्हणाले. बाकीचं सगळं त्यांनी निमूट ऐकून घेतलं होतं, पण एवढा एक शब्द काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

"शून्यावरून शंभर, पावणेचार सेकंदांत," टायवाल्यानं राखाडीच्या टपावर हात ठेवून सांगितलं.

"आणि शंभरावर जाऊन करायचं काय? पुढच्या चौकात सिग्नल आहे."

मुलीला हसू आलं म्हणून तिनं तोंड फिरवलं. मिस्त्रींनी राखाडीचं बॉनेट उघडायला लावलं. आत इंजिन नव्हतंच, काळं प्लास्टिकचं झाकण होतं. म्हणजे झाकण उघडलं की झाकण. त्याच्यावर बोटानं टकटक करून त्यांनी विचारलं, खाली काय आहे? "ते उघडायची वेळच येत नाही, काका," टायवाला म्हणाला. त्यापुढंही तो काहीतरी बोलला, पण हल्लीची माणसं तोंडातल्या तोंडात बोलतात. मिस्त्रींना ते समजलं नाही, आणि 'काका' ऐकल्यावर त्यांनी परत विचारलंही नाही.

आता हे मिस्त्री कोण आणि त्यांना नळीवाले का म्हणतात, ते सांगायला हवं. वडील शिंपी. मुलानंही शिवणयंत्रावर बसावं अशी त्यांची इच्छा, आणि मुलगा बसलाही. पण कपडे शिवण्यापेक्षा यंत्राच्या खडखडाटावरून त्यात कुठं तेल कमी आहे, कुठला दात झिजलाय, हे ओळखण्यातच त्याला गोडी. होता होता अख्ख्या गल्लीची बिघडलेली यंत्रं दुकानात जमली आणि शिवायला कपडा मात्र येईना. तेव्हा वडिलांनी हात टेकले आणि त्याला एका गॅरेजात नेऊन सोडलं. तिथं हा माणूस पाण्यात मासा सोडावा तसा रमला.

नळ्यांची गोष्ट पुढची. ठेंगणीसारख्या गाडीच्या इंजिनाला दोन कार्ब्युरेटर असतात, एक पुढच्या दोन सिलिंडरांना हवा-पेट्रोल पाजतो, एक मागच्या दोघांना. दोघांनी सारखाच श्वास घ्यायला हवा, नाहीतर इंजिनाचं अर्धं अंग ओढतं आणि अर्धं लोंबकळतं. हे जुळवायला इतर मिस्त्री रबराची एक नळी कानाला लावतात, तिचं दुसरं टोक आधी एका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरतात, मग दुसऱ्याच्या, आणि दोन्हीकडून हवेचा सुस्कारा सारखाच येतो का ते बघतात. आमच्या मिस्त्रींना हे कधी पटलं नाही. पहिला आवाज आठवून दुसऱ्याशी ताडायचा, म्हणजे अंदाजपंचे काम. त्यांनी दोन नळ्या घेतल्या. दोन कानांत दोन, आणि दुसरी टोकं एकाच वेळी दोन्ही तोंडांशी अडकवलेली. डोळे मिटून ते स्क्रू फिरवत. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की आवाज कानांत राहत नाही, तो डोक्याच्या बरोब्बर मधोमध येऊन बसतो. मधोमध आला की गाडी जुळली. पुढच्या कार्ब्युरेटरची नळी डाव्या कानात, मागच्याची उजव्या, आणि उभं राहायचं ते गाडीच्या एकाच अंगाला, ही त्यांची ठरलेली रीत. तीत वर्षानुवर्षं बदल नाही.

ठेंगणी पहिल्यांदा आली ती बाईंच्या वडिलांबरोबर, मोठ्या वकिलांबरोबर. तीन गॅरेजं हिंडून, तिन्हीकडं बिघडून आली होती. मिस्त्रींनी अर्ध्या तासात जुळवली. मोठे वकील आत बसले, त्यांना वाटलं इंजिन बंद आहे, म्हणून त्यांनी चावी फिरवली, आणि चालू इंजिनावर स्टार्टरचे दात करकरले. मोठ्या वकिलांनी एवढी शरमेची गोष्ट पुढं प्रत्येक मेजवानीत कौतुकानं सांगितली. त्या एका करकरीवर मिस्त्रींचं नाव झालं, आणि दूरदूरच्या जुन्या गाड्या त्यांच्याकडे येऊ लागल्या. आता त्यातली एकेक गेली, मालक गेले, मुलांनी विकल्या. उरली ती ही एक ठेंगणी. गॅरेजचा बाकीचा भाग मुलगी सांभाळते, तिच्याकडे नव्या गाड्या येतात आणि ती त्यांना संगणकाची वायर जोडून रोग ओळखते. मिस्त्रींचा त्याला विरोध नाही. ते फक्त तिकडे बघत नाहीत.

मुलीनं तीन वर्षांपूर्वी एक हवा मोजायचं घड्याळ आणलं होतं. कार्ब्युरेटरच्या तोंडावर ठेवलं की आत किती हवा जाते ते काटा दाखवतो. मिस्त्रींनी ते खोक्यातून बाहेर काढू दिलं नाही. "घरात दोन कान धडधाकट असताना घड्याळ कशाला?" असं म्हणून त्यांनी ते खणात टाकलं, आणि खणाला कुलूप नव्हतं तरी ते खोकं तिथंच राहिलं.

वास्तविक कुरबुर चार वर्षांपासून चालू होती. ठेंगणीचे पुढचे दोन प्लग काळेकुट्ट होऊन निघत आणि मागचे दोन पांढरट. मिस्त्रींनी निदान केलं, पेट्रोलमध्ये भेसळ. पंपवाल्याशी भांडून झालं. पंप बदलला, दुसऱ्या पंपवाल्याशी भांडून झालं. तिसऱ्या पंपावर त्यांना लांबून येताना पाहिलं की तिथला माणूस आत जाऊन बसायचा. आणि पेट्रोलच काय, या चार वर्षांत सगळंच नासलं होतं. टीव्हीवर बातम्या सांगणारे तोंडात गोळी धरल्यासारखे बोलत. पोस्टातली बाई काचेमागून ओठ हलवी आणि वर तीच चिडे. बायकोनं जेवणाच्या टेबलाची आपली खुर्ची त्यांच्या डाव्या हाताची उजव्या हाताला आणून ठेवली आणि खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतं असं कारण सांगितलं. खिडकी उत्तरेला आहे.

तर शुक्रवार आणि शनिवार मिस्त्री ठेंगणीला चिकटून बसले. नवे प्लग घातले, तेल बदललं, हवेची गाळणी धुतली, गरज नसलेल्या ठिकाणीसुद्धा वंगण दिलं. शनिवारी दुपारी दोन्ही नळ्या कानांत घालून, डोळे मिटून, त्यांनी तासभर स्क्रू फिरवले. आवाज मधोमध येऊन बसला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान पसरलं की मुलगी दोनदा काहीतरी बोलायला आली आणि परत गेली.

रविवारी सकाळी टाकीच्या चढाखाली दोन्ही गाड्या उभ्या राहिल्या. चढ काही मोठा नाही, पण त्याला सात वळणं आहेत आणि प्रत्येक वळणावर गाडीला श्वास आवरून पुन्हा घ्यावा लागतो. आधी राखाडी गेली, बाई आणि टायवाला. गेली आणि आली. बाईंचे केससुद्धा विस्कटले नव्हते. "लोणी आहे," त्या म्हणाल्या, आणि मिस्त्रींनी राखाडीकडे असं पाहिलं, जणू तिनं त्यांच्या ताटातलं लोणी चोरलं असावं.

मग ठेंगणी. बाईंच्या शेजारी मिस्त्री बसले, गुडघे छातीशी घेऊन. सरळ रस्त्यावर ती छान सुटली. पहिल्या वळणावर बाईंनी पाय उचलला, वळण घेतलं, पुन्हा पाय दाबला, आणि ठेंगणी खोकली. एक गचका, मग दम लागल्यासारखी ती वर सरकली. दुसऱ्या वळणावर तेच. तिसऱ्या वळणावर बाईंना गिअर दुसऱ्यावर आणावा लागला आणि मागून एक सायकलवाला पुढं निघून गेला. त्यानं वळून पाहिलं हे मिस्त्रींना विसरणं शक्य नव्हतं.

"पेट्रोल," टाकीपाशी पोचल्यावर मिस्त्री म्हणाले.

बाई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिल्या. मग त्यांनी डॅशबोर्डवरची धूळ तळव्यानं पुसली, जिथं धूळ नव्हती. "उद्या संध्याकाळी शोरूमला जाऊन सही करते, मिस्त्री," त्या म्हणाल्या. त्यांनी ते मोठ्यानं आणि सावकाश सांगितलं, आणि तेही मिस्त्रींना झोंबलं.

गॅरेजात परत आल्यावर मिस्त्रींच्या तोंडाचा पट्टा सुटला. पेट्रोलवाले चोर. प्लग बनवणारे चोर. टायवाल्याला पाना आणि चमचा यातला फरक कळत नाही आणि तो गाड्या विकतो. बाईंना वडिलांची गाडी एका गचक्यासाठी नकोशी झाली. चार चाकांच्या फ्रीजमध्ये बसून कोर्टात जायचं आहे त्यांना, खुशाल जाऊ देत. मुलगी सगळं ऐकत होती. त्यांचा दम संपला तेव्हा तिनं खण उघडला, खोकं काढलं, ठेंगणी सुरू केली आणि घड्याळ पुढच्या कार्ब्युरेटरच्या तोंडावर ठेवलं. काटा अकरावर गेला. मागच्यावर ठेवलं, काटा सातावर थांबला.

"घड्याळ खोटं आहे," मिस्त्री म्हणाले.

"असेल," मुलगी म्हणाली. "मग तुमच्या नळ्यांनीच बघा, बाबा. फक्त अदलाबदल करा. पुढची उजव्या कानात घाला, मागची डाव्या."

"त्यानं काय होणार?"

"काहीच नाही व्हायला पाहिजे."

एवढं साधं बोलणं, पण त्यात अडकायला जागा होती हे त्यांना कळलं. नाही म्हणायला कारण सापडेना म्हणून त्यांनी नळ्या बदलल्या आणि डोळे मिटले. आवाज मधोमध नव्हता. तो सगळा घसरून उजवीकडे गेला होता आणि तिथं ठाण मांडून बसला होता. त्यांनी नळ्या पुन्हा पहिल्यासारख्या केल्या, आवाज मधोमध आला. पुन्हा बदलल्या, उजवीकडे. त्यांनी नळ्यांना शिव्या दिल्या, नव्या कापून आणल्या, फुंकून साफ केल्या. नव्या नळ्यांनीही तेच सांगितलं. शेवटी त्यांनी नळ्या काढून ठेवल्या, इंजिन बंद केलं आणि डाव्या कानापाशी चुटकी वाजवली. ऐकू आली. पण शेजारच्या खोलीत कुणीतरी वाजवावी तशी.

डावा कान कमी ऐकत होता. तो कमी ऐकतो म्हणून पुढच्या कार्ब्युरेटरचा आवाज त्यांना कमी वाटे, आणि कमी वाटतो म्हणून ते तो जास्त उघडत. जितका कान मिटत गेला तितका तो कार्ब्युरेटर उघडत गेला. पुढचे प्लग काळे करणारा पंपवाला नव्हता. चार वर्षं ते स्वतःच्या हातानं, डोळे मिटून, अगदी मन लावून ती गाडी बिघडवत होते. आणि दर वेळी बिघडवून झाली की समाधानानं हात पुसत होते. मिस्त्रींना आधी शरम वाटली, इतकी की मुलीकडे बघवेना. पण शरमेत ते फार वेळ राहू शकत नसत, त्यांना लगेच रागाची वाट सापडे.

"तुला माहीत होतं?"

"अंदाज होता."

"मग बोलली का नाहीस?"

"दोनदा बोलले. तुम्ही म्हणालात, मी पुटपुटते."

ते तडक घरी गेले. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. त्यांनी दारातूनच विचारलं, "माझा कान गेलाय हे तुला ठाऊक होतं?"

"मग खुर्ची काय मी हौस म्हणून हलवली?" ती म्हणाली, आणि हातातल्या चादरीचं दुसरं टोक त्यांच्याकडे दिलं, घडी घालायला. त्यांनी ते धरलं, पण रागात उलट्या बाजूला ओढलं.

"चार वर्षं! घरादाराला ठाऊक आणि मला नाही. मी काय कुकुलं बाळ आहे? सांगायचं नाही मला?"

"अहो, तुम्हाला सांगायचं म्हणजे काय सोपं असतं का? मागं चष्मा लागला तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रवाल्याशी जाऊन भांडलात, अक्षरं बारीक छापतो म्हणून."

हे खरं होतं, म्हणून ते आणखी चिडले. रात्री जेवताना ते मुद्दाम दुसऱ्या खुर्चीत बसले आणि कुणाचंच बोलणं त्यांना नीट ऐकू आलं नाही.

सोमवारी सकाळी मिस्त्री धुतलेला शर्ट घालून वकीलबाईंच्या कचेरीत गेले. तिथं बाकावर चार अशील बसले होते. मिस्त्री त्यांना ओलांडून सरळ आत गेले, कारण थांबले असते तर परत फिरले असते. बाई फायलीतून मान वर काढेपर्यंत त्यांनी बोलायला सुरुवातही केली होती.

"सही करू नका. गाडीत खोट नाही. माझा डावा कान गेलाय आणि चार वर्षं मी ती चुकीची जुळवतोय. पेट्रोल चांगलं आहे, प्लग चांगले आहेत, इंजिन उत्तम आहे. एक मीच तेवढा भंगार झालोय. माझ्यापायी तिला घालवू नका."

एका दमात एवढं बोलून झाल्यावर त्यांना वाटलं, आता बाई दचकतील. बाई दचकल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि टेबलावर ठेवला.

"बसा, मिस्त्री. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दोन वर्षांपूर्वी मी ती दुसऱ्या गॅरेजात दाखवली होती. त्यांनी घड्याळ लावून बघितलं आणि पाच मिनिटांत सांगितलं. जुळवून देतो म्हणाले. मी हात लावू दिला नाही."

"का?"

"तुमच्याकडे कशी आणणार होते मग? तुम्ही बॉनेट उघडलं असतंत, नळ्या लावल्या असत्यात, आणि तुम्हाला कळलं असतं की दुसऱ्या कुणीतरी ती तुमच्यापेक्षा नीट जुळवलीय. तुमच्या रीतीनं तुम्हाला ती बिघडलेलीच वाटली असती, म्हणा, पण हात दुसऱ्याचा लागलाय एवढं तर तुम्ही ओळखलंच असतंत. बाबांच्या वेळेपासून तुम्ही ती एकतीस वर्षं सांभाळलीत. मला ते जमेना. मग पार्किंगचं निघालं. म्हटलं, बरं झालं. गाडीच गेली की कुणाला काही सांगायला नको."

मिस्त्री उभे राहिले. बसले होते ते त्यांच्या लक्षातच नव्हतं. इतका राग त्यांना टायवाल्याचा आला नव्हता, पंपवाल्यांचा आला नव्हता, स्वतःच्या कानाचाही आला नव्हता.

"म्हणजे माझी लाज राखायला तुम्ही ती काचेमागं उभी करणार?" ते म्हणाले. बाहेरच्या बाकावरचे अशील बोलायचे थांबले. "दुसऱ्याच्या बापाला कोर्टात उभं करून तोंडावर खोटं पाडता तुम्ही. आणि मला एक वाक्य तुम्हाला सांगवेना? मिस्त्री, तुमचा कान गेलाय. किती शब्द झाले? चांगली चालणारी गाडी दोन वर्षं खोकत खोकत चालवलीत, पण तोंड उघडलं नाहीत. ही माया नको मला. अशा मायेनं गाडी मरते आणि माणूस उल्लू बनतो. मला वाटत होतं, लोक माझ्या कामाला मान देतात. लोक मला सांभाळत होते."

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या.

"चुकलंच. आज दुपारी कोर्ट आटोपलं की गॅरेजात या. माझी मुलगी ती जुळवेल, घड्याळानं. तिच्यात बसून एकदा चढ चढा. मग राखाडी घ्या, नाहीतर विमान घ्या."

दुपारी मुलीनं ठेंगणी जुळवली. मिस्त्री तिच्यामागं हात पाठीशी बांधून उभे होते. तिनं स्क्रू फिरवला की त्यांची बोटं पाठीमागं फिरत. "जास्त झालं," ते एकदा म्हणाले. तिनं ऐकलं नाही. "दोन्हींना जोडणारी दांडी आधी सैल कर, मग स्क्रू आवळ," ते म्हणाले. तिनं ती आधीच सैल केली होती. आठ मिनिटांत घड्याळाचा काटा दोन्हीकडे नवावर येऊन उभा राहिला. आठ मिनिटं. त्यांना शनिवारी तास लागला होता. ती बाजूला झाली आणि मिस्त्री इंजिनाकडे वाकले, चांगला कान खाली करून. त्यांना वाटलं, गाडी अजून बिघडलेलीच आहे. इतकी वर्षं चुकीचं बरोबर ऐकायची सवय लागली होती की आता बरोबर ते चुकीचं वाटत होतं. त्यांनी मडगार्डवर तळहात टेकवला. पत्रा थरथरत नव्हता. शनिवारी तो थरथरत होता, आणि ते त्यांनी आपल्या हाताच्या वयावर ढकललं होतं.

बाई आल्या. गाडीत जागा दोघांचीच. ज्यानं जुळवली त्यानं शेजारी बसायचं हा मिस्त्रींचाच नियम, म्हणून त्यांनीच दार उघडून मुलीला आत बसवलं, आणि दार जरा जास्तच जोरात लावलं. ठेंगणी गेली. ते दारात उभे राहिले. चढ तिथून दिसत नाही. एरवी वारा इकडचा असला तर सातव्या वळणावरची गाडीसुद्धा त्यांना ऐकू येई, असं ते लोकांना सांगत. आज वारा इकडचाच होता. ते उजवा कान पुढं करून उभे राहिले आणि त्यांना फक्त समोरच्या सुताराची करवत ऐकू आली.

पाऊण तासानं ठेंगणी परत आली. चढाला जाऊन यायला वीस मिनिटं पुरतात, म्हणजे दोघी नक्कीच दोनदा चढून आल्या होत्या. दोघींच्या केसांची पार टोपली झाली होती. मुलगी हसत होती, आणि बापाला पाहून तिनं हसू आवरलं. बाईंनी गाडीत बसूनच टायवाल्याला फोन लावला.

"तुमची गाडी फार छान आहे," त्या म्हणाल्या. "पण नको. माझी आजच तिसऱ्या गिअरवर सातही वळणं चढलीय." पलीकडून बरंच काही बोलणं झालं असावं. "हो, तुमची जास्त पळते, ते मान्य आहे. नाही, कोर्टातही आता हीच नेणार. साधी गाडी काढून टाकते. पाऊस आला तर भिजेन."

मिस्त्रींच्या छातीवरून मोठा धोंडा उतरला. ठेंगणी राहिली. काचेमागं नाही, रस्त्यावर राहिली, हे त्यांना हवं होतं तेवढं सगळं झालं. ते पुढं झाले, नेहमीसारखं बॉनेटवर हात ठेवून सांगायला, की नवीन जुळवलेली गाडी हजार किलोमीटरनंतर एकदा दाखवावी लागते. त्यांचं तोंड उघडलंही होतं.

बाई गाडीतून उतरल्या आणि मुलीकडे वळल्या. "पुढच्या वेळी कधी आणू गं?" त्यांनी विचारलं.

मुलगी बापाकडे बघत उभी राहिली. बाईंच्याही ते लक्षात आलं आणि त्या गडबडीनं पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. पुन्हा तेच. पुन्हा सगळ्या मिळून त्यांना सांभाळायला निघाल्या होत्या. मिस्त्री मोठ्यानं खाकरले.

"माझ्याकडे काय बघतेस?" ते मुलीवर खेकसले. "तारीख सांग त्यांना."